प्रतापरावांनी उतू घालवलेलं दूध

हैदराबादेत नवं घर घेतलं की त्यात माणसांच्या आधी दूध जातं. नवी शेगडी, नवं पातेलं, काठोकाठ दूध, आणि ते मुद्दाम उतू घालवायचं. तेलुगू असो, कानडी असो, आपला मराठी माणूस असो, यातून कुणाची सुटका नाही. ज्या घरात दूध उतू गेलं त्या घरात सगळं भरून वाहणार, असं इथे मानतात. मग त्याच दुधात साखर घालून प्रसाद करायचा, आधी घरातल्या लेकरांना द्यायचा आणि मग मोठ्यांनी घ्यायचा.

आणि काचीगुड्यात हे दूध आणायचं ते प्रतापराव बिरादारांच्या दुकानातून. चाळीस वर्षं हाच शिरस्ता. म्हशीचं, घट्ट, पाण्याचा थेंब नसलेलं. पहाटे मुहूर्ताचं गिऱ्हाईक यायचं, प्रतापराव स्वतःच्या हातानं दूध मोजून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक दिसलं की हटकून तेलुगूत विचारायचे, "पोंगिंदा?" म्हणजे उतू गेलं का? गिऱ्हाईक हसून हो म्हणायचं. मग प्रतापराव मिशीवरून असा हात फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, हेच उतू गेले.

असल्या माणसाच्या पोटच्या पोरीनं दिलसुखनगरला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. प्रतापरावांनी तर कोणत्या म्हशीचं दूध काढायचं तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. आणि गृहप्रवेशाला तीन आठवडे राहिले असताना शिल्पा दुकानात आली, बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या घरात दूध उतू घालवायचं नाही. सोयाबीनचं घालवायचं."

प्रतापरावांनी हातातलं माप खाली ठेवलं. "काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"अगं माय, सोयाबीन आमच्या गावाकडं तेलाच्या मिलला घालतात. पेंड जनावराला घालतात. त्याला दूध म्हणायचं?"

"त्रिवेणी तेच पिते, बाबा. रोज."

यावर प्रतापराव गप्प बसले. का बसले ते सांगायला हवं, कारण गोष्ट तिथेच अडकली आहे.

त्रिवेणी म्हणजे शिल्पाची लेक. वय वर्षं तीन. स्वतःचं नाव 'तिणी' असं सांगते, आणि कुणी दुरुस्त करायला गेलं तर फार रागावते. ती वर्षाची झाली आणि शिल्पानं तिला पहिल्यांदा वरचं दूध दिलं, तेव्हा तिच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हिला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे, दूध, दही, तूप, काही म्हणून द्यायचं नाही. सुशीलाबाईंनी, म्हणजे प्रतापरावांच्या बायकोनं, डोळ्यांना पदर लावला. दूधवाल्याची नात आणि दुधाला पारखी, काय म्हणावं या नशिबाला.

प्रतापराव मात्र रडले नाहीत. त्यांनी विचार केला. मागच्या दिवाळीत शिल्पा आणि जावई कुलदीप खरेदीला गेले, नात आजोबांकडे ठेवली, आणि प्रतापरावांना वाटलं की डॉक्टर काय म्हणाले? गाईचं. बरोबर आहे, गाईच्या दुधाचा काय भरवसा. पण आपलं म्हशीचं आहे! चाळीस वर्षं ज्यानं गाय आणि म्हैस या दोन वेगळ्या जाती मानल्या, गाईच्या दुधाला कधी दुकानात उभं केलं नाही, त्या माणसाला यात काही चूक दिसेना. त्यांनी चांदीच्या वाटीत कोमट दूध घेतलं, खडीसाखर विरघळवली आणि लाडानं चार घोट पाजले. पोर मिटक्या मारत प्यायली हो. आजोबांचं काळीज सुपाएवढं झालं.

दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले. अंगभर लाल गांधी उठल्या आणि श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, शिल्पा बाजारातून तशीच धावत आली. इंजेक्शन दिल्यावर तासाभरानं ती सावरली, पण तो तास प्रतापराव बाहेर भिंतीला टेकून उभे होते आणि आतून शिल्पाचा आवाज येत होता, "काही होत नाही बाळा. मी आहे ना." डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आजोबा, गाईचं काय नि म्हशीचं काय, शरीराला दोन्ही सारखंच."

शिल्पा त्यांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून त्रिवेणीला कधी एकटीला त्यांच्याजवळ ठेवलं नाही, एवढंच. आणि त्रिवेणी? ती आजोबांच्या मांडीवर बसायची, मिशी ओढायची, पण आजोबांचा हात खिशाकडे गेला, साधी शेंगदाण्याची चिक्की काढायला गेला, तरी ती दोन्ही तळवे तोंडावर घट्ट दाबायची आणि म्हणायची, "आबा, नको." हे आबांना फार लागायचं. साऱ्या काचीगुड्याला दूध पाजणाऱ्या माणसाच्या हातचं त्यांची सख्खी नात काही खात नव्हती. रात्री जेवताना मध्येच घास थांबायचा त्यांचा.

म्हणून ते गप्प बसले.

शिल्पा म्हणाली, "गेल्या महिन्यात शेजारच्यांच्या गृहप्रवेशाला गेलो होतो. सगळ्या पोरांना प्रसादाचं दूध दिलं. तिणी हात मागे बांधून उभी राहिली, तिला माहीत आहे ना आपल्याला चालत नाही ते. स्वतःच्या घरातसुद्धा तिनं तसंच उभं राहायचं का?"

प्रतापरावांनी घसा खाकरला. "मग बदामाचं तरी घ्या. जरा इज्जतीचं वाटतं."

"विचारलं होतं. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच असतं, वाढत्या पोराला त्यात प्रोटीन पुरत नाही. तांदळाचं तर एवढ्या लहान लेकराला द्यायचंच नाही म्हणाल्या. सोयाबीनचं द्या, बिनसाखरेचं, वरून कॅल्शियम आणि बी-बारा घातलेलं. ते तिला मानवतं. तर तेच." आणि तिनं पिशवीतून एक खोकं काढून गल्ल्यावर ठेवलं.

ती गेल्यावर प्रतापरावांनी त्या खोक्याकडे असं पाहिलं की ते दूध असतं तर तिथेच फाटलं असतं. मग त्यांनी लॅक्टोमीटर काढला, दुधाची डिग्री बघायची ती काचेची नळी. खोक्यातलं दूध पेल्यात ओतून नळी सोडली. नळीनं जो आकडा दाखवला तो बघून त्यांनी नळी पुसली आणि पुन्हा सोडली. "हे दूध नाही, अफवा आहे," असं ते मोठ्यानं म्हणाले. मग पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवलं. दूध तापलं, कडेनं चार बुडबुडे आले, वर कागदासारखी साय धरली आणि तशीच बसून राहिली. उतू जायचं नावच नाही. आता मात्र प्रतापरावांना घाम फुटला. बिरादारांच्या लेकीच्या घरात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, मुहूर्तावर पातेलं असं ढिम्म बसलं तर? ते त्या संध्याकाळी दिलसुखनगरला गेले.

"शिल्पे, सोयाबीन तर सोयाबीन. पण खोक्यातलं पोंगत नाही. ताजं काढावं लागंल. मी काढतो."

शिल्पानं खेळत बसलेल्या लेकीकडे पाहिलं. कुलदीप पेपर वाचत होता, त्यानं पेपर आणखी वर धरला. सासरा नि बायकोच्या मध्ये न पडण्याइतका तो शहाणा होता.

"दुकानातलं एकही भांडं नको," ती म्हणाली. "फडकं नको, पळी नको. तुमच्या प्रत्येक भांड्याला दूध लागलेलं असतं. सगळं नवं पाहिजे. आणि माझ्या घरात, माझ्यासमोर करायचं. आणि तिला द्यायचं की नाही ते मी ठरवणार."

"हौ," प्रतापराव म्हणाले. दुसऱ्या कुणाचं एवढं ऐकून घेतलं नसतं त्यांनी.

मग सुरू झाली तयारी. त्यांनी उदगीरजवळच्या गावाकडे चुलतभावाला, एकनाथरावाला, फोन लावला. एकनाथराव दहा एकर सोयाबीन करतो. "दोन किलो पाठव," असं प्रतापरावांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "पेरायला का?" खायला म्हटल्यावर त्यानं पुन्हा दोनदा विचारून घेतलं. "दादा, तब्येत बरी आहे ना? आम्ही जन्मभर पिकवतो, पण खायला कधी घेतलं नाही बघ." तरी बिचाऱ्यानं पाठवलं, आणि वर बजावलं, "बियाणातलं नाही बरं, त्याला औषध चोळलेलं असतं. हे निवडून, उन्हात घालून पाठवतोय."

आधी घरी सराव करायचा म्हणून बेगम बाजारातून नवं पातेलं आलं, नवी चाळणी, नवं मलमल. सुशीलाबाईंनी नवा मिक्सरही बाहेर काढला, लेकीच्या घरी द्यायचा म्हणून घेतलेला. प्रतापरावांनी सोयाबीन भिजवलं, चोळून सालं काढली, गरम पाण्यात वाटलं, मलमलातून पिळलं. पांढरं शुभ्र निघालं. हुंगून पाहिलं तर कच्च्या शेंगेचा उग्र वास. "गोठ्यात कडबा भिजल्यागत," सुशीलाबाईंनी निकाल दिला आणि खिडकी उघडली.

पातेलं गॅसवर ठेवून प्रतापराव फडकं धुवायला मोरीवर गेले. त्यांना वाटलं, हे दुबळं दूध, याला उकळायला अर्धा तास लागेल. मोजून तीन मिनिटांत सुशीलाबाईंची हाक आली, "अहो, धावा." पातेल्यातून पांढरा फेस भसाभसा वर येत होता. तो शेगडीवर आला, ओट्यावर आला, ओट्यावरून जमिनीवर आला आणि त्यांच्या पायांपर्यंत पोचला. म्हशीचं दूध उतू जाताना एकदा तरी विचार करतं. हे विचार करत नव्हतं. प्रतापराव ओल्या फडक्यासकट दारात उभे राहिले आणि हसायला लागले. असे हसले की शेवटी खाली बसले. सुशीलाबाई ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "हसताय काय, माझी शेगडी विझली." पण त्यांनाही हसू आवरेना. दिवाळीपासून या माणसाला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

शिल्पाला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, तो नुसता फेस असतो. फेस आला म्हणजे उकळलं असं नाही. फेस बसवून पुढे चांगलं पंधरा मिनिटं उकळू द्यायचं, नाहीतर पोट दुखतं. आणि हे प्रसादापुरतंच हं. रोज तिला खोक्यातलंच, त्यात कॅल्शियम असतं." प्रतापरावांनी दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलं: फेसानंतर पंधरा मिनिटं. पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड त्यांनी सोयाबीनचं दूध काढलं. गल्लीतल्या लोकांना वाटलं, बिरादार धंदा बदलतायत. एक मात्र खरं, एवढं करून त्यांनी त्यातला एक घोटसुद्धा चाखला नाही. हुंगायचे, बोटावर घेऊन घट्टपणा बघायचे आणि फडक्याला पुसायचे. "आपण म्हशीची माणसं," असं म्हणायचे.

गृहप्रवेशाच्या दिवशी मुहूर्त सकाळी सात बावीसचा होता. प्रतापराव पाच वाजताच दिलसुखनगरला पोचले. त्या दिवशी ते दुकानात पाऊल न टाकता, न्हाऊन, कोरे कपडे घालून आले होते. दारातच त्यांनी शिल्पाला दोन्ही हात पुढे करून दाखवले, शाळेतली पोरं नखं दाखवतात तसे. शिल्पाच्या तोंडावर हसू आलं ते तिनं मान वळवून लपवलं. मग तिनं रात्री भिजवलेलं सोयाबीन त्यांनी तिच्यासमोर, तिच्याच घरातल्या नव्या भांड्यांत वाटलं, पिळलं, पातेलं काठोकाठ भरलं.

पंतुलूंना, म्हणजे पुरोहितांना, काय आहे ते आधी सांगितलं होतं. त्यांनी पातेल्यात डोकावून क्षणभर विचार केला आणि तेलुगूत म्हणाले, "शास्त्रात पोंगणं सांगितलंय. म्हैस कुठे सांगितलेली नाही." प्रतापरावांना तो माणूस तिथेच आवडला.

स्वयंपाकघरात तीस माणसं दाटली. कुलदीपची कमलआत्या चिक्कडपल्लीहून आली होती, तिनं सगळ्यात पुढची जागा धरली होती, आणि सोयाबीनचं कळल्यापासून तिच्या भुवया वर गेल्या होत्या त्या खाली आल्याच नव्हत्या. त्रिवेणी बापाच्या खांद्यावर होती. शिल्पानं गॅस पेटवला. सगळे पातेल्याकडे बघत होते आणि प्रतापराव घड्याळाकडे. सात एकवीस झाले. कडेनं पांढरी रेघ उमटली. आणि मग फेस आला, फुगला, पातेल्याच्या काठावर क्षणभर थबकला आणि चारही बाजूंनी धो धो खाली आला. टाळ्या पडल्या. "पोंगिंदी," पंतुलू म्हणाले.

"कोणत्या दिशेला गेलं?" मागून कुणीतरी विचारलं. पूर्वेला गेलं की शुभ मानतात.

"चारही," कुलदीप म्हणाला. "पाय उचला आधी."

हशा पिकला. पोरं फेसात हात घालायला लागली. कमलआत्याच्या भुवया खाली आल्या. तिनं लगबगीनं वाटी उचलली, पळी बुडवली. "आधी लेकराला द्या, चला."

प्रतापरावांचा हात पातेल्यावर आडवा आला. "थांबा. अजून पंधरा मिनिटं."

"अहो, उतू गेलं की."

"उतू गेलं. शिजलं नाही."

"मुहूर्ताचा प्रसाद आहे, घोटभर दिला तर काय होतंय?"

घोटभर. प्रतापरावांचा आवाज चढला नाही, पण हात जागचा हलला नाही. "घोटभरानं काय होतं ते मी पाहिलंय, ताई. पंधरा मिनिटं."

झालं. तीस माणसं उभी, बाहेर इडल्या थंड होतायत, आत्याबाई फणफणतायत, आणि प्रतापराव गॅस बारीक करून पळी फिरवतायत. कुणी म्हणालं, प्रसाद शेवटी घेऊ. कुणी म्हणालं, म्हातारा फारच कडक आहे. प्रतापराव कुणाकडे बघेनात. शिल्पा ओट्याला टेकून उभी होती आणि बापाच्या हाताकडे बघत होती. पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी आणखी दोन मिनिटं दिली, गॅस बंद केला, साखर घातली, परत एकदा हात धुतले. नव्या वाटीत थोडं ओतून, फुंकून, कोमट केलं. आणि वाटी शिल्पापुढे धरली.

"तू दे तिला," ते म्हणाले.

शिल्पानं वाटी घेतली नाही. तिनं त्यांच्या मनगटाला हात लावला आणि वाटी हळूच त्यांच्याकडेच परत ढकलली. "तुम्ही द्या, बाबा. तुमच्याच हातचं पिऊ दे."

 प्रतापराव तिथेच, फेसानं ओल्या झालेल्या फरशीवर, कोऱ्या धोतराची पर्वा न करता मांडी घालून बसले. कुलदीपनं त्रिवेणीला समोर उतरवलं. वाटी बघताच तिचे दोन्ही तळवे तोंडावर गेले.

"आबा, यात म्हैस आहे?" तळव्यांच्या आडून तिनं विचारलं.

"नाही माय. एकसुद्धा नाही."

"गाय?"

"गाय पण नाही. तुझंच आहे. शेतातलं."

तिनं मान वळवून आईकडे पाहिलं. शिल्पानं मान हलवली. मग एक तळवा खाली आला, पाठोपाठ दुसरा. त्रिवेणीनं आबांच्या हाताला धरून वाटी तोंडाला लावली आणि पीत राहिली. मध्ये थांबून श्वास घेतला आणि पुन्हा प्यायली. वाटी खाली आली तेव्हा तिच्या ओठांवर आबांसारखीच पांढरी मिशी होती. सगळे हसले. प्रतापराव मात्र तिच्या ओठांकडे, गालांकडे, मानेकडे बघत होते, ती रोज हेच पिते हे माहीत असूनही बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतक्या माणसांत कसं दिसेल याचा त्यांनी विचारच केला नाही. फार बरं वाटत होतं त्यांना.

त्रिवेणीनं वाटीत डोकावलं. तळाशी दोन घोट उरले होते. तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलून आबांच्या मिशीजवळ नेली.

"आता आबा."

"मी नाही पीत ते, माय." त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि हात तोंडाकडे आला.

त्रिवेणीनं त्यांचा हात बाजूला केला, गालावरचं पाणी आपल्या ओल्या तळव्यानं पुसलं आणि हुबेहूब आईच्या आवाजात म्हणाली, "काही होत नाही. मी आहे ना."

प्रतापरावांनी आ केला.